दगडी भिंतींच्या आत काय उभं राहतंय? केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका,
तसेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीशी संबंधित सर्व वास्तुविशारद, अभियंते आणि ठेकेदार

विषय : नाट्यगृहाचं छप्पर, रंगमंच, वीज आणि श्रवण

महोदय,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून ‘होतं तसंच पुन्हा उभारू’ हे वाक्य कोल्हापुरात इतक्या वेळा उच्चारलं गेलंय, की ‘तसंच’ म्हणजे नेमकं काय, हे विचारायला हवं. दर्शनी दगडी भाग तसाच ठेवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तो बराचसा वाचला आहे. लोक त्याच्याकडेच बघणार, फोटो त्याचेच निघणार. पण नाटक होतं आत. आणि आतल्या ज्या गोष्टींवर नाट्यगृह चांगलं की वाईट हे ठरतं, त्यातली एकही फोटोत येत नाही.

आम्ही प्रकाश, ध्वनी, नेपथ्य आणि रंगमंच सांभाळणारी माणसं आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं : आवाज होता तसा परत द्या, आणि रंगमंचाचं धुराडं मात्र परत बांधू नका. ‘तसंच’च्या नावाखाली या दोन गोष्टी उलट्या होण्याची शक्यता फार मोठी आहे. म्हणजे आग पसरवणाऱ्या पोकळ्या जशाच्या तशा, आणि आवाज मात्र गालिचा-पॅनेलांनी मारलेला.

इतिहास सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला बांधकामाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं. त्यातून पुढे १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान झालं, आणि त्याला लागूनच ऑक्टोबर १९१३ ते ऑक्टोबर १९१५ या दोन वर्षांत पॅलेस थिएटर उभं राहिलं. मैदान कुस्तीसाठी, थिएटर नाटकासाठी, पण हिशेब दोन्हीकडे एकच : शेवटच्या माणसालाही दिसलं पाहिजे. मैदानात मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक. नाट्यगृहात नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही. त्या काळात एवढी रुंदी खांबाशिवाय पेलायची म्हणजे छपराच्या कैच्यांचं, म्हणजे भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचं, काम चोख लागतं. १९५७ मध्ये या वास्तूला केशवरावांचं नाव मिळालं.

केशवराव हे नाव इथे शोभेला नाही. १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसानं १९०८ मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली, ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. हे सगळं गाणं ध्वनिक्षेपकाशिवायचं. समोर ऑर्गन-तबला, वर उंच छत, आणि पल्लेदार आवाज. असल्या गाण्यासाठी बांधलेल्या खोलीला एक माप असतं, आणि ते माप आकड्यात सांगता येतं.

म्हणून आवाजापासून सुरुवात करतो. आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलनं खाली यायला जो वेळ लागतो, त्याला निनादकाल म्हणतात. गद्य नाटकाला तो ०.८ ते १ सेकंद लागतो, संगीत नाटकाला १.१-१.२ पर्यंत चालतो. याचं सूत्र साबाइन या शास्त्रज्ञानं दिलंय : ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण, म्हणजे खोलीतले पृष्ठभाग आणि माणसं मिळून जेवढा आवाज गिळतात ते, चौरस मीटरमध्ये. उदाहरणादाखल सातशे खुर्च्यांचं प्रेक्षागृह धरू, माणशी ४ घनमीटर, म्हणजे २८०० घनमीटर. १ सेकंदाचा निनाद हवा तर एकूण शोषण ४५० चौरस मीटरच्या आसपास हवं. त्यातलं ३०० च्या वर नुसती बसलेली माणसंच खातात. उरलेल्या दीडशेत भिंती, छत, रंगमंचाचं तोंड, सगळं बसवायचं. आता यात कुणी ‘अकूस्टिक ट्रीटमेंट’ म्हणून भिंतींना २०० चौरस मीटर मऊ पॅनेल लावली की आणखी १४० वाढतात आणि निनाद पाऊण सेकंदावर येतो. त्यावर जाड गालिचा आला की संपलंच. खोली मेली. मग नटाच्या गालाला माइक चिकटवावा लागतो आणि संगीत नाटकाचं पद रेडिओवरच्यासारखं सपाट ऐकू येतं. राज्यातल्या कितीतरी नूतनीकरण झालेल्या नाट्यगृहांत नेमकं हेच झालंय, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं बिल ‘आवाज सुधारणा’ या नावानं निघालंय.

तेव्हा छताच्या आणि बाजूच्या भिंतींच्या पुढच्या, म्हणजे रंगमंचाजवळच्या अर्ध्या भागाला मऊ काहीही लावू नका. तिथे कडक, जड आणि किंचित वळणाचा पृष्ठभाग हवा. लाकडी फळी असेल तर मागे पोकळी न ठेवता घट्ट बसवलेली. नटाचा आवाज तिथून परावर्तित होऊन मागच्या रांगांपर्यंत जातो. शोषण जे काय करायचं ते सगळ्यात मागच्या भिंतीवर, कारण तिथून परतणारा आवाज उशिरा येतो आणि शब्दावर शब्द चढतो. खुर्च्या अशा निवडा की रिकाम्या असतानाही त्या माणूस बसल्याइतकंच शोषण करतील. म्हणजे रिकाम्या थिएटरातल्या तालमीत जे ऐकू येतं तेच प्रयोगात येईल. गालिचा फक्त येण्या-जाण्याच्या वाटांवर.

व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये जळालं. आगीच्या आधी दोनेक महिने तिथल्या आवाजाची मोजणी झालेली होती, आणि २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं तोपर्यंत रचनाकारांना ती हाताशी होती. आपल्याकडे जुन्या खोलीची अशी मोजणी कुणाजवळ असेल, कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकल्पात असेल, तर ती शोधून जाहीर करावी. माइकविना झालेल्या जुन्या प्रयोगांचं ध्वनिमुद्रणसुद्धा चालेल. टाळी किंवा तबल्याची थाप कशी विरते यावरून तज्ज्ञ बरंच काढू शकतात.

कोल्हापूरचा पाऊस इथे वेगळा मांडला पाहिजे. नवं छप्पर पत्र्याचं असेल तर उघड्या पत्र्यावरच्या जोराच्या सरीचा आवाज खाली ७० डेसिबलच्या वर जातो. विसाव्या रांगेत पोहोचणारं बोलणं असतं ५५ ते ६०. म्हणजे जून ते सप्टेंबर माइकशिवाय नाटक बंद. यावर इलाज पत्र्याखाली नुसती फोमची चटई चिकटवणं हा नव्हे; ती चटई स्वतःच पेटते आणि वितळून खाली गळते. पत्रा, त्याखाली दगडी लोकर (घनमीटरला ४८ ते ६४ किलोची), मग पोकळी, मग सिमेंट किंवा जिप्समच्या बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येता. वजन वाढतं. ते कैच्यांच्या हिशेबात आजच धरा, नंतर कुणी धरणार नाही.

वातानुकूलनाचा आवाज रिकाम्या खोलीत ३५ डेसिबलच्या आत. त्यासाठी वाहिन्या मोठ्या आणि हवा संथ लागते. जाळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला २ मीटरच्या आत. आणि यंत्रं छपराच्या कैच्यांना टांगू नका. स्वतंत्र चौथऱ्यावर, स्प्रिंगवर बसवा.

आता आग. ती लागली कशी यावर भरपूर बोलणं झालंय. आम्हाला ती पसरली कशी यात जास्त रस आहे. रंगमंचाची खोली ही मुळातच उंच, अरुंद, वर झालरी-पडदे लटकवलेली आणि खाली नेपथ्याचे प्लायवूडचे फ्लॅट (चौकटी) रचलेली असते. तिच्यात ठिणगी पडली की गरम धूर सरळ वर जातो, छताला अडतो आणि आडवा पसरायला वाट शोधतो. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्या मधली भिंत फॉल्स सीलिंगपाशी संपत असेल तर वरच्या पोकळीतून आग पलीकडे जाते, आणि खालून पाणी मारणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही. म्हणून पहिली मागणी हीच : ही मधली भिंत तळघरापासून थेट छपराच्या पत्र्यापर्यंत, दोन तास आग अडवणारी, आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीच्या, पाइपच्या भोवतीची फट अग्निरोधक लांबीनं (पुट्टीनं) बुजवलेली. आराखड्यात ही भिंत कुठपर्यंत जाते ते एका छेदात दाखवा. पाहायला पाच मिनिटं लागतात.

रंगमंचाच्या छपराला धूर सोडणारी झडपं हवीत. रंगमंचाच्या क्षेत्रफळाच्या निदान ५ टक्के. ती ७० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या दुव्यावर आपोआप उघडली पाहिजेत, आणि विंगेतून दोरी ओढूनही. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये १९०३ साली सहाशेहून जास्त माणसं गेली, तिथे रंगमंचावरची झडपं उघडलीच नाहीत आणि अग्निरोधक पडदा अर्ध्यावर अडकला. धूर मग प्रेक्षागृहात आला. आपल्या झडपांबाबत आणखी एक : पावसाळ्यात गळतात म्हणून त्यांवर ताडपत्री बांधली जाते आणि ती पुढची दहा वर्षं तशीच राहते. गळणार नाही अशी झडप विकत घेणं हाच उपाय.

दर्शनी पडद्याच्या पुढे अग्निरोधक पडदा बसवावा. ३० सेकंदांत, वीज नसताना, स्वतःच्या वजनानं खाली येणारा. सोडण्याची कळ स्टेज मॅनेजरच्या हाताशी. त्याच्या वाटेत ध्वनीचे स्पीकर, फुलांच्या माळा, सत्काराचं टेबल यांतलं काही आलं की तो अडकतो. इंग्लंडात प्रत्येक प्रयोगात प्रेक्षकांसमोर तो एकदा खाली आणून दाखवतात. आपल्याकडेही मध्यंतरात आणता येईल. चहा पिणाऱ्यांची हरकत नसावी.

पडद्यांचं कापड हा आमच्या हातातला भाग. सुती कापडाला ७ भाग बोरॅक्स, ३ भाग बोरिक ॲसिड, ११० भाग गरम पाणी, वजनाने, या द्रावणात बुडवून वाळवलं की ते सहज पेटत नाही. पण एकदा धुतलं की परिणाम गेला, आणि पॉलिएस्टरवर हे चालतच नाही. तिथे मुळातच अग्निरोधक धाग्याचं कापड घ्यावं. तपासणी साधी आहे : कडेची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, थिएटरच्या बाहेर चिमट्यात धरून १२ सेकंद ज्योत लावायची, काढल्यावर २ सेकंदांत विझली तर पास, जळते थेंब पडले तर नापास. वर्षातून एकदा, प्रत्येक पडद्याची, आणि तारीख पडद्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेली. याच गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, तेव्हा पडद्यांची निगा राखण्याची विद्या कोल्हापूरला नवी नाही.

छपराच्या कैच्या पोलादाच्या असतील तर ‘लोखंड जळत नाही’ या समजुतीवर राहू नका. ५५० अंशांना पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. त्याआधीच ते लांब होतं : १५ मीटरची कैची ५०० अंशांनी तापली तर सुमारे ९ सेंटिमीटर वाढते. दोन्ही टोकं शंभर वर्षांच्या दगडी भिंतीत पक्की गाडलेली असतील तर ती भिंतीला बाहेर ढकलते. म्हणून एक टोक सरकतं ठेवा, आणि पोलादाला फुगणारा अग्निरोधक लेप द्या. लेपाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजून नोंदवा, कारण दोन हात मारून पांढरा रंग दिला तरी तो तसाच दिसतो. उलट जाड सागवानी तुळई मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर अशी हळूहळू कोळसत जाते आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. पटकन पेटतं ते पातळ लाकूड, प्लाय आणि रंगांचे थर. तेव्हा जुनं सागवान वाचलं असेल तर जाड तुकडे वापरायला हरकत नाही, पातळ पट्ट्यांना आहे.

उभ्या राहिलेल्या भिंतींबद्दल थोडंसं. काळा दगड तापून त्यावर एकदम पाणी पडलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि आत बारीक भेगा जातात. हातोडीनं ठोकून बघितलं तर चांगला दगड खणखणतो, बिघडलेला बद्द वाजतो. संशय येईल तिथे अल्ट्रासोनिक चाचणी. सांध्यांतला खराब चुना २५ ते ४० मिलिमीटर खोल खरवडून पुन्हा चुन्यानंच भरावा, एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग वाळू, आणि ओलं ठेवून. सिमेंट भरलं तर ते सांध्याला ताठर करतं, भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि दगडाच्या कडा फुटायला लागतात. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. त्याआधी प्लास्टर-रंग चढवला तर कुणालाच काही कळणार नाही.

विजेचं काम हे आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. बाहेरगावची कंपनी स्वतःचे दिवे आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर घेऊन येते. तिला जोडणी घ्यायला विंगेत ६३ अँपियरचं थ्री-फेज सॉकेट नसेल तर काय होतं ते प्रत्येक लाइटवाल्याला ठाऊक आहे : वितरण पेटीचं झाकण उघडतं, वायरीची टोकं सोलून मुख्य पट्टीला पिळली जातात, लहान सॉकेटमध्ये नागड्या तारा खोचून काडेपेटीच्या काडीनं घट्ट केल्या जातात. प्रयोग होतो. स्क्रू ढिला राहतो. ढिला सांधा तापतो, आणि मग काही महिन्यांनी, कुणी नसताना, तो बोलतो. म्हणून दोन्ही विंगांत अशी सॉकेटं द्याच, आणि पेटीला कुलूप. डिमरमुळे न्यूट्रलवर, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेवर, तिन्ही फेजचा हार्मोनिक (जास्तीच्या वारंवारितेचा) प्रवाह साठतो, त्यामुळे न्यूट्रलची तार फेजच्या जाडीची नाही, दुप्पट धरावी. रंगमंचावरच्या सॉकेटांना ३० मिलिअँपियरचं गळती-संरक्षण. वर्षातून एकदा पूर्ण भारावर थर्मल कॅमेऱ्यानं सगळे सांधे पाहायचे. आणि शेवटचा माणूस बाहेर पडताना एकच खटका असा, की अग्निसूचना आणि पाण्याचे पंप सोडून सगळं बंद. पंपांची वीज मुख्य स्विचच्या आधीपासून वेगळी.

बांधकाम चालू असतानाचा धोका वेगळा. बार्सिलोनाचं लिसेऊ जानेवारी १९९४ मध्ये अग्निरोधक पडद्याचीच दुरुस्ती करताना उडालेल्या ठिणगीनं जळालं. वेल्डिंगला रोजचा लेखी परवाना, ११ मीटरच्या परिघात पेटणारं काही नाही, आणि काम संपल्यावर एक तास तिथेच बसून लक्ष ठेवणारा माणूस. हा तास ठेकेदाराला फुकट वाटतो.

काही लहान गोष्टी, ज्यांवर आराखड्यात अर्धी ओळसुद्धा नसते. रंगमंचाची जमीन लाकडीच, सागवानी फळीची, खाली हवेला जागा ठेवून. ग्रॅनाइट किंवा टाइल लावलीत तर सेटचा ब्रेस, म्हणजे टेकू, ठोकायचा कुठे आणि नर्तकीच्या गुडघ्यांचं काय. प्रत्येक विंगेची रुंदी दर्शनी तोंडाच्या निम्मी तरी. टेम्पो मागे लागतो तिथला ओटा टेम्पोच्या फळीच्या उंचीचा, आणि तिथून रंगमंचापर्यंत एकही पायरी किंवा काटकोन नको. समोर ऑर्गन-तबल्याची बैठक ठेवा. पहिल्या रांगेच्या महागड्या दहा-पंधरा खुर्च्यांसाठी ती बळी जाते. आणि स्त्रियांची स्वच्छतागृहं : साडेतीनशे स्त्रिया, त्यातल्या ४० टक्के मध्यंतरात जाणार, म्हणजे १४०, प्रत्येकीला पावणेदोन मिनिटं, मध्यंतर बारा मिनिटांचं. एका भांड्यावर सात जणी. वीस भांडी लागतात. बहुतेक नाट्यगृहांत चार-सहा असतात, म्हणून तिसरी घंटा झाल्यावरही दारं उघडझाप करत राहतात आणि दुसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटं वाया जातात.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर वर्षी जानेवारी आणि जुलैत, अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते तिकीट खिडकीशेजारी काचेत लावावं. सोबत झडपा, पडदा आणि स्प्रिंकलर शेवटचे कधी चालवून पाहिले त्याच्या तारखा.

उद्घाटनाला ९ ऑगस्ट, केशवरावांच्या जयंतीची तारीख निवडण्याचा मोह होणार आणि तो साहजिक आहे. आमची विनंती एवढीच की पत्रिका छापण्याआधी, जुलैतल्या भर पावसाच्या दिवशी, एक चाचणी प्रयोग लावा. सगळ्या खुर्च्यांवर माणसं, वातानुकूलन चालू, माइक बंद. रंगमंचावरून एकेक करून शंभर सुटे शब्द वाचायचे आणि वेगवेगळ्या रांगांतल्या लोकांनी कागदावर लिहायचे. नव्वदच्या खाली जिथे येईल त्या रांगांवर खूण करायची. मग मध्येच मुख्य वीज तोडायची आणि अग्निरोधक पडदा सोडायचा, हातात घड्याळ धरून. दोष सापडला तर तो दुरुस्त करायला पायाड अजून उभं असेल. उद्घाटनानंतर त्यासाठी प्रेक्षागृह पुन्हा बंद ठेवावं लागेल, आणि ते कुणी ठेवू देणार नाही.

आपले,
कोल्हापुरातील प्रकाश, ध्वनी, नेपथ्य आणि रंगमंच व्यवस्थेत काम करणारे काही रंगकर्मी